झटक्याच्या पेटीची गोष्ट

१७७५ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, पीटर क्रिश्चन आबिल्डगार्ड नावाचे एक गुरांचे डॉक्टर होते. त्यांनी एका कोंबडीच्या डोक्याला विजेचा झटका दिला. कोंबडी निपचित पडली, मेल्यासारखी. मग त्यांनी दुसरा झटका तिच्या छातीतून दिला, तर कोंबडी चक्क उठून चालू लागली! हा खेळ त्यांनी पुन:पुन्हा करून पाहिला. बिचारी कोंबडी पार भांबावून गेली, एक दिवस-रात्र तिनं काही खाल्लं नाही, पण नंतर ती ठणठणीत झाली आणि तिनं अंडंही घातलं, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे.

त्या कोंबडीची दूरची नातलग शोभेल अशी एक पेटी आता आपल्याला विमानतळावर, मोठ्या मॉलमध्ये, मेट्रोच्या स्टेशनवर भिंतीला टांगलेली दिसते. हिरवी पाटी, त्यावर पांढरं हृदय आणि हृदयात विजेची खूण. ही खूण २००८ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीनं सुचवली, म्हणजे भाषा येवो न येवो, माणसाला कळावं. यंत्राचं नाव लांबलचक आहे, 'ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर'. थोडक्यात एईडी. आमच्या पुतण्याच्या कारखान्यातले कामगार तिला 'झटक्याची पेटी' म्हणतात. मला हेच नाव आवडलं, म्हणून मथळ्यालाही तेच दिलं.

मी काही डॉक्टर नाही, इंजिनिअर तर नाहीच. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलेली एक निवृत्त मास्तरीण. मग या विषयात कशी शिरले? कारण घरगुती आहे. पुतण्याचा कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा मशिन शॉप आहे, दोन पाळ्यांत मिळून साठेक माणसं. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या पाळीला लेथवर काम करणारा एक बेचाळीस वर्षांचा माणूस उभ्याउभ्या कोसळला. कुणी पाणी शिंपडलं, कुणी कांदा आणायला धावलं, कुणी तळपाय चोळले. टेंपोत घालून दवाखान्यात न्यायला पंचवीस मिनिटं लागली. तिथं डॉक्टरांनी फक्त मान हलवली. मागं बायको आणि दोन शाळकरी मुलं. पुतण्यानं त्या कुटुंबाचं जे करायचं ते केलं, पण त्याच्या मनातून ती पंचवीस मिनिटं जाईनात. त्यानं पेटी घ्यायचं ठरवलं आणि दोन विक्रेत्यांकडून माहिती मागवली. मग मला फोन. "आत्या, हे यंत्र बोलतं म्हणे. काय करायचं ते सांगतं. तू जन्मभर मुलांना सूचना देत आलीस, तू ऐकून सांग, कुठलं नीट सांगतं."

आता इतिहासाच्या बाईला एखादी वस्तू दाखवली की ती पहिल्यांदा तिची सनावळी शोधणार! महिनाभर वाचलं, आणि जे हाती लागलं ते इतकं रंजक निघालं की तुम्हा मंडळींना सांगितल्याशिवाय राहवेना.

पहिल्यांदा हे यंत्र करतं काय ते. 'हार्ट अटॅक' आणि 'हृदय बंद पडणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त नेणारी नळी तुंबते. माणूस सहसा शुद्धीवर असतो, छातीत दुखतं म्हणून सांगतो. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, त्याचा श्वास थांबतो किंवा नुसते आचके लागतात. अटॅकमुळे हृदय बंद पडू शकतं, विजेच्या धक्क्यानंही पडू शकतं. अशा वेळी पुष्कळदा हृदय थांबलेलं नसतं, तर नुसतं थरथरत असतं. याला 'फिब्रिलेशन' म्हणतात.

शाळेच्या भाषेत सांगते. पंधरा ऑगस्टला मैदानावर दोनशे मुलांचं लेझीम चालू आहे. ढोलाचा ठेका एक, पावलं एक. मध्येच काही बिनसतं आणि प्रत्येक मूल आपापल्या मनानं लेझीम वाजवू लागतं. आवाज भरपूर, हालचाल भरपूर, पण लेझीम म्हणून काही उरलेलं नाही. थरथरणाऱ्या हृदयाचं असंच होतं. प्रत्येक स्नायू आपल्या मनानं वळवळतो, रक्त मात्र पुढं जात नाही. अशा वेळी क्रीडाशिक्षक काय करतात? एक जोरदार शिट्टी. सगळे गप्प. आणि मग ढोलवाला पुन्हा पहिल्यापासून ठेका धरतो. विजेचा झटका म्हणजे ही शिट्टी. हृदय तो 'चालू' करत नाही, उलट क्षणभर गप्प करतो. ठेका धरायचं काम हृदयाचा स्वत:चा ढोलवाला करतो. म्हणूनच पडद्यावर सरळ रेघ आल्यावर झटका देऊन माणूस उठवतात ते सिनेमातच! ढोलवालाच गप्प असेल तर शिट्टी मारून काय उपयोग?

आणि वेळ फार थोडा असतो. कुणी छाती दाबली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. पंचवीस मिनिटांचा हिशोब तुम्हीच करा.

ही थरथर प्रयोगशाळेत दिसली ती १८५० च्या सुमारास, जर्मनीत कार्ल लुडविग आणि त्यांचे सहकारी होफा यांना. १८८९ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन मॅकविल्यम यांनी मांडलं की माणसाच्या अचानक मृत्यूमागेही हीच थरथर असावी. आणि १८९९ साली जिनिव्हाला प्रेव्हो आणि बातेली या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिलं, की विजेचा लहान झटका ही थरथर सुरू करतो आणि मोठा झटका ती थांबवतो! म्हणजे उत्तर हाती आलेलं होतं. पण त्यांचं लक्ष थरथर सुरू कशी होते इकडेच होतं, थांबवण्याची नोंद ओझरती राहिली. इतिहासात असं फार वेळा होतं. किल्ली सापडते, पण कुलूप कुठलं हे कळायला तीस-चाळीस वर्षं जातात.

ते कुलूप दिसलं कुणाला? डॉक्टरांना नव्हे, वीज कंपन्यांना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरोशहरी विजेच्या तारा पसरल्या आणि खांबावर चढणारे तारवाले पटापट मरू लागले. (आपल्याकडेही खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली ती १९१५ साली. आणि वायरमन खांबावर चिकटल्याची बातमी आजही वर्षातून दोन-चारदा आपण वाचतोच.) न्यूयॉर्कच्या वीज कंपनीनं आपल्या कामगारांचे हे मृत्यू कसे टाळता येतील याच्या संशोधनासाठी १९२० च्या दशकात पैसे दिले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हे काम अंगावर घेतलं विल्यम कौवेनहोवेन यांनी. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. १९३३ साली त्यांनी आणि हूकर, लँगवर्दी या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की उघड्या हृदयाला झटका देऊन कुत्र्याच्या हृदयाची थरथर थांबवता येते.

पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ काही बोलला नाही. हे यंत्र म्हणजे मोठ्या हॉस्पिटलांची चैन, आपण ती उगाच कारखान्यात आणतोय, असं त्याला कुणी कुणी ऐकवलं होतं. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. या यंत्राच्या शोधाचा एक मोठा धागा कामावर मरणाऱ्या कामगारापासूनच निघाला आहे. ते हॉस्पिटलात नंतर गेलं.

दुसरा धागा रशियातला, आणि त्यात एक बाई आहेत. लीना श्टेर्न. त्या जिनिव्हाला शिकल्या, तिथंच बातेलींबरोबर त्यांनी संशोधन केलं, आणि १९१८ साली जिनिव्हा विद्यापीठाच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९२५ मध्ये त्या मॉस्कोला गेल्या. जिनिव्हाची ती विसरलेली किल्ली त्यांच्याबरोबर गेली म्हणायची! त्यांच्या संस्थेत नाउम गुर्विच नावाच्या तरुण संशोधकानं १९३० च्या दशकात दाखवलं, की घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेपेक्षा कपॅसिटरमध्ये साठवून एकदम सोडलेला झटका हृदयाला जास्त मानवतो. आजची सगळी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. पुढं १९४९ मध्ये स्टालिनच्या राजवटीत श्टेर्नबाईंना अटक झाली. ज्या खटल्यात त्यांच्या बरोबरच्या तेरा जणांना १९५२ मध्ये गोळ्या घातल्या, त्यातून त्या एकट्या तुरुंगवास आणि हद्दपारीवर वाचल्या. त्या वेळी त्यांचं वय सत्तरीच्या पुढं होतं, म्हणजे माझ्याएवढ्याच. आमच्या पाठ्यपुस्तकांत मादाम क्यूरी असायच्या, श्टेर्नबाई कधी नव्हत्या. निदान या पानावर तरी त्यांना जागा देते.

माणसावरचा पहिला यशस्वी प्रयोग १९४७ सालचा. अमेरिकेत क्लीव्हलंडला क्लॉड बेक हे सर्जन एका चौदा वर्षांच्या मुलाच्या छातीचं ऑपरेशन करत होते. शेवटी हृदय थरथरू लागलं. बेक यांनी छाती पुन्हा उघडली, हृदय हातात धरून कितीतरी वेळ दाबत राहिले, आणि प्रयोगशाळेतून यंत्र मागवून थेट हृदयाला झटका दिला. मुलगा वाचला. १९५६ मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून झटका देऊन माणसाचं हृदय ताळ्यावर आणल्याचं प्रसिद्ध केलं. १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी कपॅसिटरचं यंत्र अमेरिकेत रूढ केलं. हेच लाउन पुढं अण्वस्त्रांविरुद्धच्या डॉक्टरांच्या चळवळीचे एक संस्थापक झाले आणि त्या चळवळीला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं.

दरम्यान कौवेनहोवेन यांच्या प्रयोगशाळेत एक गंमत घडली. १९५८ साली त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं, की झटक्यासाठी जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर जोरात दाबल्या की वीज सोडण्याआधीच रक्तदाब थोडा वर चढतो. नुसत्या दाबानं! म्हणजे बाहेरून छाती दाबूनही थोडं रक्त फिरवता येतं. जूड नावाच्या सर्जनांना बरोबर घेऊन या तिघांनी १९६० मध्ये तो प्रसिद्ध निबंध लिहिला. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो त्यातली छाती दाबण्याची रीत तिथून आली. त्याला ना यंत्र लागतं ना वीज, लागतात फक्त दोन हात. या अभियंत्याला १९६९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सनं डॉक्टरीची मानद पदवी दिली. तारवाल्यांना वाचवायला निघालेला माणूस अखेर डॉक्टर झाला!

पण यंत्र अजून हॉस्पिटलातच होतं, आणि माणसं मरत होती घरी, रस्त्यावर, कामावर. हे सलत होतं ते बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांना. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा ते जपान्यांच्या हाती लागले, ब्रह्मदेशच्या त्या कुप्रसिद्ध रेल्वेवर युद्धकैदी म्हणून राबले, आणि उपासमारीतून होणाऱ्या बेरीबेरीनं त्यांचं स्वत:चं हृदय बिघडलं. मरण इतक्या जवळून पाहिलेल्या या माणसानं ठरवलं, की रोगी यंत्राकडे येऊ शकत नसेल तर यंत्रानं रोग्याकडे जावं. १९६५ मध्ये त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र केलं. वजन सत्तर किलो. १ जानेवारी १९६६ ला ते रुग्णवाहिकेत बसवून रस्त्यावर आलं. १९६८ पर्यंत अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी बनवलेला चिमुकला कपॅसिटर वापरून वजन आणलं सव्वातीन किलोच्या आत. तांदळाच्या पोत्याएवढं ओझं तीन वर्षांत दप्तराएवढं झालं म्हणा ना!

आता राहिली शेवटची अडचण. झटका द्यायचा की नाही हे ठरवायला हृदयाचा आलेख वाचता यायला हवा, आणि तो येतो डॉक्टरला. चुकीच्या वेळी दिलेला झटका चांगल्या हृदयालाही बिघडवू शकतो. मग आलेख वाचायला यंत्रालाच शिकवलं तर? अमेरिकेत पोर्टलंडच्या आर्च डियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात असं यंत्र केलं. त्यात एक इलेक्ट्रोड रोग्याच्या तोंडात बसवायचा असे. पुढं तो छातीवर चिकटवायच्या दोन पट्ट्यांमध्ये सुटसुटीत झाला. यंत्रच ठरवणार, झटका लागेल की नाही. नको असेल तर तुम्ही कितीही बटण दाबा, ते देणारच नाही. आणि त्यानंतर यंत्र बोलू लागलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी पायरी. आजीबाईच्या बटव्यात नुसत्या मुळ्या नसायच्या, 'मधातून चाटव, उपाशीपोटी दे, तीन दिवस दे' हे आजीचं तोंडी शास्त्रही बरोबर असायचं. आजी नसेल तर बटवा निरुपयोगी. इथं पहिल्यांदाच कुणीतरी आजीलाही बटव्यात बसवलं.

हे जमतं का, ते माणसांनी तपासून पाहिलं आहे. लास व्हेगासच्या जुगारगृहांत सुरक्षारक्षकांना ही पेटी वापरायला शिकवलं होतं. २००० साली त्याचा निष्कर्ष छापून आला. हृदय थरथरणाऱ्या १०५ जणांपैकी ५६ जण बरे होऊन घरी गेले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांत वाचण्याचं प्रमाण ७४ टक्के, त्यानंतर मिळालेल्यांत ४९. लक्षात घ्या, हे डॉक्टर नव्हते, दारावरचे रखवालदार होते! शिकागोच्या विमानतळांवर पेट्या भिंतीला लावल्या. तिथं दोन वर्षांत हृदय थरथरणारे १८ जण होते, त्यांतले ११ वाचले. त्या ११ पैकी सहा जणांना वाचवणाऱ्यांनी ही पेटी पूर्वी कधी हाताळलेली नव्हती (त्यात तिघे डॉक्टर होते, हेही सांगायला हवं).

आणि मास्तरणीला सर्वांत भावलेला प्रयोग १९९९ सालचा, सिएटलचा. सहावीतल्या पंधरा मुलांना कसलंही शिक्षण न देता एका पुतळ्यावर ही पेटी वापरायला दिली. शेजारी तुलनेला रुग्णवाहिकेवरचे २२ प्रशिक्षित कर्मचारी. कर्मचाऱ्यांना झटक्यापर्यंत पोचायला सरासरी ६७ सेकंद लागले आणि मुलांना ९०. फरक फक्त २३ सेकंदांचा! माझे सहावीचे वर्ग डोळ्यांपुढं आले. त्यांना 'समास सोडून लिहा' हे कळायला निम्मं वर्ष जायचं! म्हणजे त्या यंत्राच्या सूचना किती नेटक्या असल्या पाहिजेत.

मात्र एक ध्यानात ठेवायचं, की यंत्राचाही अभ्यासक्रम बदलतो. पूर्वीची यंत्रं लागोपाठ तीन झटके द्यायची आणि मधल्या वेळात माणसं नुसती थांबून राहायची. २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानंतर रीत बदलली. एक झटका, आणि ताबडतोब दोन मिनिटं छाती दाबणं. २०१५ मध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर, असं ठरलं. जुनं यंत्र जुनाच धडा म्हणून दाखवणार. म्हणून 'वापरलेलं, पण उत्तम स्थितीत' असं कुणी स्वस्तात देऊ केलं तर आधी विचारायचं, हे कुठल्या सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे बोलतं, आणि नवा धडा त्यात भरता येतो का?

इतकी तयारी करून मी कारखान्यात गेले. दोन्ही विक्रेत्यांना पुतण्यानं सरावाची यंत्रं घेऊन बोलावलं होतं. मी अट घातली, की प्रात्यक्षिक विक्रेत्यानं करायचं नाही. दारावरचा रखवालदार, कँटीनमधल्या मावशी, आणि बिहारहून आलेला एक नवा हेल्पर, या तिघांनी करायचं. आणि शॉपमधल्या मशिनी चालू ठेवायच्या. परीक्षा घ्यायची तर खऱ्या वातावरणात घ्यावी!

पहिलं यंत्र दिसायला देखणं, पण फक्त इंग्रजी बोलणारं. वर वाक्यं लांब. एका दमात तीन कामं सांगायचं. मावशी पहिलं काम शोधेपर्यंत ते तिसऱ्यावर गेलेलं. शिवाय मशिनींच्या आवाजात त्याचं निम्मं बोलणं ऐकूच येईना. दुसरं यंत्र थोडं जाडजूड, वीसेक हजारांनी महाग. पण झाकण उघडताच आपणहून बोलू लागलं. बटण दाबलं की इंग्रजीचं हिंदी होत होतं. एका वेळी एकच काम सांगायचं, ते काम झालं हे त्याला कळल्यावरच पुढचं. पट्टी चिकटली नाही तर न रागावता पुन्हा सांगायचं. (इतका धीर मला शेवटच्या तासाला कधी राहिला नाही!) पडद्यावर अक्षरं आणि चित्रंही येत होती, त्यामुळे गोंगाटात काम अडलं नाही. पट्ट्यांवरच चित्र छापलेलं होतं, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली. झटक्यानंतर छाती दाबायला ते टक-टक असा ताल द्यायचं, आणि दाब कमी पडला तर 'और ज़ोर से' म्हणायचं. बिहारी पोरानं पहिल्याच फेरीत सगळं व्यवस्थित केलं. निकाल लागला!

झटका द्यायची पद्धत दोन प्रकारची असते. काही यंत्रांत माणसानं बटण दाबायचं, काहींत यंत्रच 'दूर व्हा' म्हणून सांगतं आणि झटका देतं. आम्ही बटणाचं घेतलं. आमच्याकडे गर्दी फार जमते, कुणाचा हात रोग्याला लागलेला नाही ना हे डोळ्यांनी पाहून मगच बटण दाबलेलं बरं, असं सगळ्यांचं मत पडलं. जिथं माणसं बटणाला बिचकतील तिथं दुसरा प्रकार योग्य ठरू शकतो.

मराठी बोलणारं यंत्र त्या दोघांतही नव्हतं. मग मी एक काम केलं. मोठ्या अक्षरांत एक पुठ्ठा लिहून पेटीशेजारी लावला. त्यावर सहाच ओळी आहेत.

१. मेन स्विच बंद करा. मगच माणसाला हात लावा.
२. खांदे हलवून मोठ्यानं हाक मारा. ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, तर पुढं चला.
३. एकानं १०८ ला फोन करा. दुसऱ्यानं पेटी आणा.
४. तिसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा. थांबू नका.
५. पेटी उघडा. ती सांगेल तसं करा.
६. दम लागला की दुसऱ्याला दाबायला द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत सोडू नका.

पहिली ओळ यंत्र सांगणार नाही, कारण माणूस विजेनं पडला की हृदयानं हे त्याला माहीत नसतं. कारखान्यात ती सर्वांत आधी हवी.

पेटी घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी आणखी चार गोष्टी. पट्ट्यांना आणि बॅटरीला मुदत असते. पट्ट्यांच्या डिंकाची मुदत दोन-चार वर्षांत संपते, तेव्हा नव्या पट्ट्या केवढ्याला आणि किती दिवसांत मिळतील हे आधी लिहून घ्या. यंत्र स्वत:ची तपासणी स्वत: करतं आणि हिरवा दिवा दाखवतं, पण तो दिवा रोज पाहायला एक माणूस नेमलेला हवा. शॉपमध्ये धूळ आणि शीतकाचे शिंतोडे असतात, तेव्हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाची खूण बघून घ्या. पेटीबरोबर कात्री, रेझर आणि फडकं ठेवा. घामानं भिजलेल्या किंवा फार केसाळ छातीवर पट्टी चिकटत नाही. आणि रोगी बाईमाणूस असेल तरी छातीवरचा कपडा बाजूला करावाच लागतो. चारचौघींनी साडीचा, चादरीचा आडोसा धरावा, पण संकोचापायी मिनिटं घालवू नयेत. कँटीनच्या मावशींनीच हा प्रश्न काढला, आणि आडोशाचं काम स्वत:कडे घेतलं.

पेटी कुठं लावायची यावर मात्र खरी चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, महाग वस्तू आहे, साहेबांच्या केबिनमध्ये कुलपात ठेवू. मी म्हटलं, साहेब सहाला घरी जातात, आणि हृदय काही पाळी बघून बंद पडत नाही. रखवालदाराला घड्याळ लावून पळायला लावलं. शॉपच्या सगळ्यात लांबच्या टोकापासून पेटीपर्यंत जाऊन परत यायला केबिनपासून साडेतीन मिनिटं, टाइम ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीपासून सव्वा मिनिट. पेटी भिंतीवर लागली, कुलपाविना.

१९४८ च्या कारखाने कायद्यानं दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी ठेवायला सांगितलं होतं. बँडेज, कापूस, आयोडीन अशी ती पेटी. तीही एके काळी कुणाला चैन वाटली असेलच. आज तिच्याविना कारखाना आपल्याला चालत नाही. झटक्याच्या पेटीचंही तसं व्हायला हवं. पण नुसती पेटी पुरणार नाही. २००४ साली अमेरिकेत जवळजवळ हजार ठिकाणी झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वयंसेवकांना नुसतं छाती दाबायला शिकवलं तिथं १५ जण वाचले, आणि छाती दाबणं व पेटी दोन्ही शिकवलं तिथं ३०. म्हणजे पेटीनं आकडा दुप्पट झाला खरा, पण आधी हात होते, मग पेटी.

तेव्हा मंडळी, पेटी परवडत नसेल तर हात तरी तयार ठेवा. आपल्या सोसायटीत, शाळेत, कार्यालयात एखादा रविवार काढून जाणत्या डॉक्टरांना बोलवा आणि छाती दाबायला शिकून घ्या. पुतण्याच्या कारखान्यात दर तीन महिन्यांनी दोन्ही पाळ्यांचा सराव ठरला आहे. पहिल्या सरावाला त्या गेलेल्या कामगाराचा मोठा मुलगाही आला होता, आता दहावीला आहे. पुतळ्यावर त्यानं दोन मिनिटं न थांबता दाब दिले, तालात, आणि मग उठून पुढच्या माणसाला जागा करून दिली.